शिक्षा, चंबू आणि समजूतदार यंत्र

वर्णांच्या शुद्ध उच्चाराचे शास्त्र भारतीय परंपरेत ‘शिक्षा’ या नावाने ओळखले जाते आणि सहा वेदांगांत त्याची गणना होते. पुढे हाच शब्द मराठीत दंड या अर्थाने का रूढ झाला असावा, याचा उलगडा फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच होतो. देवनागरीत जसे लिहिले तसे (निदान बहुतेक वेळा) वाचण्याची सवय असलेल्या या माणसापुढे ओ, आय, एस, ई, ए, यू अशी सहा अक्षरे ठेवली जातात, त्यांचा उच्चार ‘वाझो’ होतो असे सांगितले जाते आणि अर्थ ‘पक्षी’ असल्याचे कळेपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. एका ध्वनीला एकच चिन्ह या तत्त्वावर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार करणारी संस्था १८८६ साली पॅरिसमध्येच स्थापन झाली, याचे अशा विद्यार्थ्याला मुळीच नवल वाटत नाही. आंतरजालावरील अनेक फ्रेंच शब्दकोश शब्दापुढे ही ध्वनिलिपी देतात. विद्यार्थी मात्र तिच्याकडे काणाडोळा करून वहीच्या समासात देवनागरी उच्चार लिहितो आणि पुढील सर्व अनर्थांचा पाया तिथेच घालतो.

कारण देवनागरीत जो स्वर नाही तो समासात कसा मावणार? फ्रेंचमध्ये ‘तू’ या अर्थाच्या शब्दातला स्वर ‘ऊ’ नव्हे आणि ‘यू’ तर नव्हेच. जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठांचा ‘ऊ’साठी करतात तसा चंबू केला असता तो निघतो. फोर्वोसारख्या संकेतस्थळावर, जिथे फ्रेंच मातृभाषा असलेल्या लोकांनी एकेक शब्द उच्चारून ठेवलेला असतो, हा स्वर शंभर वेळा फुकट ऐकता येतो. परंतु ओठ दिसत नाहीत, म्हणून जाणकार विद्यार्थी एका हाताने मोबाइलचा समोरचा कॅमेरा सुरू करून त्यात स्वतःचा चंबू तपासतो. रात्री अकरा वाजता, घर निजले असता, पडद्याकडे पाहून ओठ पुढे काढणाऱ्या माणसाविषयी घरच्यांनी काय समजावे, हा प्रश्न उच्चारशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

हा स्वर साधल्यानंतरचा काळ अधिक धोक्याचा असतो. नव्याने हाती आलेली वस्तू जागोजागी वापरण्याच्या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात अतिशुद्धीकरण म्हणतात. तिच्या भरात ‘मेर्सी बोकू’ या ‘फार आभारी आहे’ अशा अर्थाच्या प्रयोगातल्या साध्यासुध्या ‘ऊ’लाही नव्या स्वराचा प्रसाद मिळतो आणि आभाराच्या जागी समोरच्याच्या पार्श्वभागाची स्तुती होते. स्वर चुकल्यामुळे ‘इंद्रशत्रू’ या शब्दाचा अर्थ फिरून इंद्राला मारू निघालेला वृत्र स्वतःच मारला गेला, ही कथा व्याकरणाचे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या मानाने फ्रेंचमधला दंड सौम्य म्हटला पाहिजे.

अनुनासिक स्वरांची, म्हणजे तोंडाबरोबर नाकातूनही हवा सोडून काढायच्या स्वरांची, गोष्ट निराळी आहे. ‘वँ’ म्हणजे मद्य, ‘वाँ’ म्हणजे वारा आणि ‘वोँ’ म्हणजे ‘ते जातात’. तिन्हींत लिहिलेला ‘न’ कुठेच उच्चारायचा नसतो. मराठीने १९६२च्या लेखननियमांनुसार अनुच्चारित अनुस्वारांना लेखनातून रजा दिली, आणि आता तिचीच लेकरे परक्या भाषेसाठी नाक चिमटीत धरून, आवाज बदलतो की नाही हे तपासत बसतात (बदलला तर स्वर खरोखर नाकातला). या बाबतीत कोकणी बोलणारा मनुष्य जन्मजात पुढे असतो, कारण नाकातला स्वर त्याच्या भाषेत आजही अर्थ बदलतो. घशातल्या ‘र’विषयी एवढेच सांगणे पुरे, की गझल गाणाऱ्यांच्या नुक्तेवाल्या ‘ग़’पासून तो फार दूर नाही आणि त्याचा सराव ऐकून शेजारच्या खोलीतून मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा सल्ला हमखास येतो.

आता यंत्राच्या कानाकडे वळावे. बोललेले शब्द ओळखून ते पडद्यावर लिहून दाखवणारी प्रणाली नुसता ध्वनी ऐकत नाही. मागचेपुढचे शब्द पाहून इथे कोणता शब्द असणे अधिक संभवनीय आहे, याचाही ती अंदाज बांधते. त्यामुळे विद्यार्थ्याने ‘मला लाल मद्य हवे’ हे वाक्य म्हणताना मद्याचा वारा केला तरी यंत्र, लाल वारा कोणी मागत नाही हे जाणून, मद्यच लिहून मोकळे होण्याची शक्यता पुष्कळ असते. समजून घेण्यासाठी घडवलेल्या यंत्राकडे चुका काढण्याचे काम सोपवणे म्हणजे आजीला परीक्षक नेमण्यासारखे आहे. त्याला अडचणीत आणायचे असेल तर संदर्भ काढून घ्यावा आणि एकाच ध्वनीने वेगळे ठरणारे शब्द, ज्यांना न्यूनतम युग्म म्हणतात, सुटे म्हणून पाहावेत. ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठीचे फ्रेंच शब्द असेच, ओठांचा चंबू तोच ठेवून, केवळ जिभेच्या जागेच्या फरकाने वेगळे होतात. ते यंत्राला आळीपाळीने सांगितले असता दोन्ही वेळा ‘खाली’ उमटू लागले, की विद्यार्थ्याला स्वतःची खरी पायरी कळते.

घड्याळाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘दोन वाजता’ आणि ‘बारा वाजता’ या दोन फ्रेंच प्रयोगांत एका स्वराचाच भेद आहे: बारातला स्वर सरळ ‘ऊ’, तर दोनमधला, जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे ठेवून निघणारा. ज्याला तो जमत नाही त्याने दुपारी दोनची भेट ठरवताना, फ्रान्समधल्या रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे, ‘चौदा वाजता’ म्हणावे. तिथे ते सर्वांना कळते आणि बाराशी घोटाळा होत नाही. फक्त त्या दोन शब्दांत घशातले ‘र’ दोन आहेत.