सडक्या तांदळाचं वकीलपत्र

आपल्या देशात तांदळाला भाव येतो तो सडल्यावर. चांगला असतो तोवर त्याला कोणी विचारत नाही. रेशन दुकानात यंत्रावर म्हातारीचा अंगठा उमटत नाही म्हणून तो पोत्यात पडून राहतो. एकदा का त्याच्या गोदामात पुराचं पाणी शिरलं, की त्याचं नशीब फळफळतं. पंचनामा होतो, प्रतवारी होते, निविदा निघते आणि देव पावला तर उच्च न्यायालयात याचिकासुद्धा दाखल होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हे.

माणसांचं इतकं कौतुक होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा शासन निर्णय निघाला, की ज्याचं घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल त्याला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मिळतील. त्यावर बरीच ओरड झाली. माणसाला दहा किलो तांदळासाठी दोन दिवस बुडावं लागतं. तांदळाला एक रात्र पुरते, सकाळी त्याची फाईल तयार.

समजा, असंच नदीकाठचं एक गोदाम आहे. पाणी ओसरलंय. गोदामपाल खालच्या पोत्यात परखी खुपसतो. नळीतून दाणे घरंगळत नाहीत, पिवळट-हिरवट गोळा निघतो. तळहातावर घेतला तर कोमट लागतो, कारण भिजलेलं धान्य आतून तापतं. वासाबद्दल पंचनाम्यात रकाना नाही, म्हणून वास नोंदवला जात नाही.

मग प्रतवारी. भारतीय अन्न महामंडळाने खराब धान्याच्याही जाती पाडल्या आहेत. शंभरात ८५ किंवा जास्त दाणे शाबूत असतील तर पहिल्या प्रतीचं पशुखाद्य, ७० पर्यंत दुसऱ्या, ५५ पर्यंत तिसऱ्या. त्याखाली ३० पर्यंत कारखान्याला, १० पर्यंत खताला आणि त्याच्याही खाली गेलं की खड्ड्यात. आपला तांदूळ दुसऱ्या प्रतीत पास होतो. निविदा निघते: दोन लिफाफे, बयाणा रक्कम, माल ‘जसा आहे जिथे आहे’ तत्त्वावर, उचल ठरलेल्या मुदतीत.

आता नासक्या तांदळासाठी एवढी झुंबड का उडते, असं भाबड्या वाचकाला वाटेल. घेणाऱ्यांतले काही खरोखरच कोंबड्यांचे हितचिंतक असतात. बाकीच्यांना कोंबडीच्या खाद्याचा भाव आणि माणसाच्या तांदळाचा भाव यांतलं अंतर दिसत असतं. मधे लागते फक्त एक गिरणी, थोडं पॉलिश आणि नवं बारदान. २०१८ च्या महापुरानंतर केरळात हीच धास्ती होती, की जनावरांसाठी म्हणून विकलेलं भिजकं धान्य चकाचक होऊन परत माणसांच्या ताटात येईल. यावर सरकारी उपाय जालीम असतो: घेणाऱ्याकडून मुद्रांक कागदावर लिहून घ्यायचं, की हे मानवी सेवनासाठी वापरणार नाही. कागद फायलीत राहतो, ट्रक जातो.

लिफाफे उघडतात. सर्वांत चढी बोली ज्याची, त्याच्या अकराव्या पानावर शिक्का नाही. तो बाद. दुसऱ्याचा पशुखाद्याचा अनुभव दोन वर्षांचा, हवा तीन वर्षांचा, तरी तो पात्र. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण बाद झालेल्याने शहाणं राहून भागत नाही.

कोर्टात तांदळाचा विषय फारसा निघत नाही. वकीलसाहेब १९७९ सालच्या रमणा शेट्टी निकालापासून सुरुवात करतात. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं ते प्रकरण. पाच वर्षांच्या अनुभवाची अट घातली आणि अट न पाळणाऱ्यालाच काम दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं, की सरकारने स्वतः घातलेली अट स्वतः मोडायची नाही. आणि ठेका? याचिका उशिरा आली म्हणून तो होता तिथेच राहिला. तत्त्व जिंकलं, अर्जदार हरला, उपाहारगृह चालू राहिलं. मग समोरचे वकील उठतात आणि १९९४ चा टाटा सेल्युलर काढतात: कोर्टाने निर्णय तपासायचा नाही, निर्णयाची प्रक्रिया तपासायची. प्रक्रियेला बुरशी लागत नाही, त्यामुळे ती निवांत तपासता येते.

तोवर ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी’. हा आदेश दोन्ही ठेकेदार पाळतात, जिल्हा पुरवठा अधिकारी पाळतात, गोदामाचं कुलूपही पाळतं. टोके पाळत नाहीत. त्यांना नोटीस बजावलेली नसते. सरकारी वकील प्रतिज्ञापत्रासाठी मुदत मागतात आणि तांदूळ तिसऱ्या प्रतीत उतरतो. प्रत्युत्तराला मुदत, आणि तो कारखान्याचा होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर निकाल लागतो: बाद ठेकेदाराचा लिफाफा ग्राह्य धरावा. तो येतो, परखी घालून बघतो आणि म्हणतो, मी पशुखाद्याला बोली लावली होती, हे खत आहे. माझा बयाणा परत द्या. बयाणा जप्त होतो. जप्तीविरुद्ध याचिका.

शेवटी शाबूत दाणे दहाच्या आत येतात आणि खड्ड्याची पाळी येते. इथे गंमत अशी, की काल ज्या मालाचे पैसे मिळणार होते तो पुरायला आता पैसे मोजायचे असतात. म्हणजे नवी निविदा. काल चढा भाव जिंकत होता, आज पडता जिंकतो. बोली लावणारे तेच.

या साऱ्यात ज्याच्या कार्डावर हा तांदूळ यायचा होता, तो कुठे आहे? तो पक्षकार नाही. एकदा त्याच्या वतीने कोर्ट बोललं होतं. ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धान्य सडू देण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांना ती सूचना वाटली. न्यायालयाने पुन्हा सांगितलं, सूचना नव्हे, आदेश आहे. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले, धोरणात न्यायालयाने पडू नये. सडका तांदूळ कोणी न्यायचा हा मात्र धोरणाचा प्रश्न नाही, त्यात न्यायालय खुशाल पडू शकतं.

नदी कुठवर येते हे आता फुटांत ठाऊक आहे, गोदाम कुठे आहे हेही ठाऊक आहे. जूनमध्ये चार हमाल लावून पोती उंचावर हलवली, तर यातलं काहीच घडणार नाही. पण त्या कामात ना दोन लिफाफे, ना चढी बोली, ना तारीख. कोरड्या तांदळावर कोणाचं पोट भरतं? फक्त खाणाऱ्याचं.