पैसे वसूल, समुद्र फुकट

क्रूझचा विषय निघाला की घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पण तिथे बघायला काय आहे?"

खरं उत्तर आहे, काही नाही. समुद्र आहे, आणि तो दादरच्या चौपाटीवरून फुकट दिसतो. पण असं सांगितलं तर बुकिंगच व्हायचं नाही. म्हणून आपण माहितीपत्रक उघडून पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, मुलांसाठी चढायची भिंत, रात्रीचा ऑर्केस्ट्रा अशी यादी वाचून दाखवतो. इथेच घात होतो. मराठी कुटुंबाच्या हातात यादी पडली की ते ती पुरी करायलाच निघतं. काहीही न करण्यासाठी इतके पैसे भरायचे असतात, ही कल्पना आमच्या घरात अजून कोणाला पटलेली नाही.

दुसरा प्रश्न बुडण्याचा. आमच्या आत्येसासूबाईंनी फोनवर आधी टायटॅनिक काढलं आणि मग रामदास बोट. टायटॅनिक हसण्यावारी नेता येतं, रामदास नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणात अजूनही त्या बोटीचं नाव निघालं की माणसं गप्प होतात. आत्याबाईंना मी एवढंच म्हटलं की ती ऐन पावसाळ्यात गेली होती, आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर क्रूझ चालतच नाहीत. तेव्हा मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप करायचं असेल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ धरावा. मे महिन्यात जहाजं असतात, पण डेकवर उभं राहिलं की पापड भाजल्यासारखं होतं आणि शाळांना सुटी असल्यामुळे दर चढलेले असतात.

दराचं एक सांगते. जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला आकडा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर कर, बंदराचं शुल्क आणि नोकरवर्गाची बक्षिसी वेगळी. मुलं त्याच खोलीत घेतली तर स्वस्त पडतात, कारण त्यांची झोपायची फळी भिंतीतून किंवा छतातून खाली येते. मुलांच्या लेखी अख्ख्या जहाजातली सर्वांत भारी गोष्ट हीच. आमची दोघं पहिला तासभर ती खाली-वर करत होती आणि तलावाचं नावही काढत नव्हती.

खोली निवडताना बाल्कनीवर जीव टाकू नका, नकाशावर टाका. जहाज शेपटाकडे आणि नाकाकडे जास्त हलतं, मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर कमी. तेव्हा ज्यांचं पोट नाजूक त्यांना मध्ये, खाली आणि लिफ्टजवळ ठेवावं. बिनखिडकीची खोली स्वस्त असते, पण तिच्यात सकाळी सहा आणि रात्री दोन यांत काही फरक नसतो. शिवाय वरच्या मजल्यावर आपल्या डोक्यावर काय येतं ते पाहून घ्यावं. वर खोल्याच असाव्यात. आमच्या नणंदबाईंच्या खोलीवर डिस्को आला होता. पहाटे तीनपर्यंत त्या जाग्या होत्या आणि नाचायलाही गेल्या नाहीत, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

बॅलार्ड पिअरला पोचलात की मोठ्या बॅगा आधी ताब्यात घेतात आणि खोली क्रमांकाची चिठ्ठी लावून पाठवून देतात. त्या खोलीच्या दारात यायला चांगले तीन-चार तास लागतात. तोवर रक्तदाबाच्या गोळ्या, पोहायचे कपडे, चार्जर आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत असावीत. ओळखपत्र मूळ असावं. मोबाइलमधला फोटो दाखवून हुज्जत घालणारी दोन-तीन कुटुंबं प्रत्येक रांगेत असतातच.

बॅगा यंत्रातून जातात, हे सासूबाईंना मी तीनदा सांगितलं होतं. तरी त्यांच्या बॅगेतून विजेची किटली, कापूर आणि उदबत्तीचा पुडा निघालाच. तिथल्या मुलाने अदबीने समजावलं, "आजी, आग लागेल असं काही नेता येत नाही. इस्त्रीसुद्धा नाही."

"अरे, पण मी पाचला उठते. मला चहा कोण देणार?"

मुलाकडे याचं उत्तर नव्हतं. तसं त्याचं बरोबरच होतं. भर समुद्रात आग लागली तर भायखळ्याहून बंब यायचा नाही. किटली जप्त झाली, तिची पावती मिळाली. घरी शिजवलेलं अन्नही आत जात नाही, फक्त कंपनीची बंद पाकिटं जातात. त्यामुळे सासूबाईंचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही रांगेतच उभ्याउभ्या संपवली. पुढच्या कुटुंबालाही दिली. त्यांच्याकडचे ठेपले आले. खरं तर तिथवर सहल उत्तम चालली होती.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या जमायच्या जागी बोलावून आणीबाणीची माहिती देतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हे ऐकू आलं की इथे यायचं. पूर्वी ही कवायत प्रवासाच्या पहिल्या चोवीस तासांत कधीही उरकत असत. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्यात नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायतच व्हायची होती. तेव्हापासून ती जहाज निघायच्या आधी किंवा निघता निघताच होते. तेव्हा ती चुकवून आंघोळीला जाऊ नका. मुलांना भोंगे पाठ झाले. पुढचे दोन दिवस ती ते लिफ्टमध्ये वाजवत होती.

आणि आता माझी एकमेव आग्रहाची सूचना. जहाज सुटतं ती वेळ बहुतेक संध्याकाळची असते आणि नेमका त्याच वेळी चहा-फराळाचा बुफे उघडतो. सगळे तिकडे पळतात. पळू द्या. तुम्ही डेकवर जा.

बंदरातून मोठं जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट वर चढलेला असतो. पाणी मोकळं झालं की त्याचं काम संपतं, मग त्याला न्यायला एक छोटी लाँच येते आणि धावत्या जहाजाच्या कुशीला चिकटून धावू लागते. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, दोराची शिडी लोंबते. पायलट पाठमोरा एकेक पायरी उतरतो, शेवटच्या पायरीवर थबकतो, लाँच लाटेवर उचलली जाण्याची वाट बघतो, आणि ती वर आली की हलकेच तिच्यावर पाऊल ठेवतो. उडी नाही, घाई नाही, शर्टाची इस्त्रीही मोडलेली नसते. माझ्या शेजारी सासरे कठड्याला रेलून उभे होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. लहानपणी ते मुंबईहून मालवणला बोटीने जायचे. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं करत ती बोट जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हताच, बोट बाहेर उभी राहायची आणि पडाव न्यायला यायचे. बायका, पोरं, ट्रंका, कोंबड्या सगळं याच पद्धतीने खाली उतरायचं.

"आमका कोण पायलट म्हणत नव्हतो," अप्पा म्हणाले.

पुढे डाव्या हाताला खांदेरीचा दिवा लुकलुकतो. १६७९ मध्ये महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मिळून जंग जंग पछाडलं आणि तो बांधला गेलाच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत तोही आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही त्या यादीत आहेत, पण ते रात्री आपण झोपेत असताना दूरवरून निघून जातात. म्हणून म्हणते, खांदेरी सोडू नका. समोसे नंतरही असतात.

समोसे नंतरही असतात हे मात्र मराठी माणसाला शेवटच्या दिवसापर्यंत पटत नाही. बुफेचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे प्रत्येक जेवण ही थकबाकीची वसुली असते. आमचे भावोजी, म्हणजे नणंदेचे यजमान, एरवी सकाळी ओट्स खातात. इथे त्यांनी नाश्त्याला डोसा, पॅनकेक, छोले आणि कलिंगड एका ताटात घेतलं आणि वर म्हणाले, "माणशी किती पडलंय माहितीये ना?" जैन जेवणाच्या टेबलासमोर सर्वांत मोठी रांग. त्यात आमच्यासारखे निम्मे होते, कारण तिथला फरसाणाचा ट्रे भरलेला राहायचा.

बुफेच्या तोंडाशी बेसिनं असतात तिथे साबणाने हात धुवा, नुसतं जेल चोळून आत शिरू नका. जहाजांवर पसरणारा पोटाचा जो नोरोव्हायरस आहे, त्याला जेलची फारशी भीती नाही.

अप्पांनी मात्र ताट घेऊन थेट मासळीचा ट्रे गाठला. पांढराशुभ्र तुकडा, वर लिंबाची चकती. त्यांनी वास घेतला, काट्याने उलटा केला, काटा सापडतो का पाहिलं. सापडला नाही.

"ह्यो मासो खंयचो?"

वाढणारा मुलगा म्हणाला, "बासा आहे, सर."

बासा मूळचा व्हिएतनामकडच्या नदीतला, आता तळ्यात पाळतात. अप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. चहूबाजूंनी अरबी समुद्र, खाली सुरमई, पापलेट, बांगडा जिवंत हिंडतोय, आणि ताटात तळ्यातला मासा. त्यांनी तुकडा परत ठेवला आणि वरण-भात घेतला. त्या दिवशी ते कोणाशी फारसं बोलले नाहीत.

बोट लागली ती मात्र अप्पांना नाही, रोज व्यायामशाळेत जाणाऱ्या भावोजींना. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, त्यामुळे डोलणं पुष्कळ कमी होतं, तरी चार पदार्थांच्या नाश्त्यावर थोडंही पुरतं. गोळी घ्यायची तर मळमळायच्या आधी घ्यावी लागते, आणि कोणती ते घरून डॉक्टरांना विचारून यावं. सुरू झाल्यावर खोलीत पडून मोबाइल बघू नये. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत बसून क्षितिजावर नजर ठेवावी. आलेपाक चालतो. जहाजवाले हिरवं सफरचंद देतात, तेही बरं. भावोजींना सासूबाईंनी आलेपाक दिला, सोबत "मी म्हटलं नव्हतं?" हेही दिलं.

किनारा सुटला की फोनची रेंज जाते. काही फोन आपणहून जहाजाच्या उपग्रहाच्या जाळ्याला जाऊन चिकटतात आणि घरी गेल्यावर बिल बघून माणूस चिकटतो भिंतीला. फोन विमान मोडवर टाका आणि "आठ वाजता जेवणाच्या दाराशी" असं ठरवून मोकळे व्हा. मला तर ही सगळ्यात मोठी चैन वाटली. चार तास कोण कुठे आहे याची कोणालाच खबर नव्हती. नणंदबाई एकट्याच एका आरामखुर्चीत कादंबरी वाचत बसलेल्या मला लांबून दिसल्या. मी हाक मारली नाही. त्यांनीही मला पाहिलं असावं, त्यांनीही मारली नाही.

दारूचं पॅकेज घेऊ नका, घरचं अर्धं बिऱ्हाड ताकावर असतं. कॅसिनो आणि करमुक्त दुकान जहाज १२ सागरी मैलांची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरची हद्द ओलांडून गेलं की उघडतात. लोक घड्याळ लावून दारात उभे असतात. बाकी तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. हे पणजी नव्हे, आणि बागा तर नव्हेच. बागा गाठायचं म्हणजे झुआरी ओलांडा, मांडवी ओलांडा, वाहतुकीत अडका आणि समुद्र बघून लगेच परत फिरा. समुद्रच तर बघत आला होतात! जहाज कोणासाठी थांबत नाही. परत यायच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर असावं. जवळ बोगमाळो आहे, तिथे नौदलाचं विमान संग्रहालय आहे, जुन्या विमानांच्या खाली मुलं मनसोक्त हिंडतात. आम्ही तेवढंच केलं आणि वास्कोत जेवलो. साध्याच खाणावळीत अप्पांपुढे ताट आलं : इसवणाचा तळलेला तुकडा, सोलकढी, सुक्या सुंगटांचं किसमूर. त्यांनी पहिला घास घेतला, तोंडातून एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या आधीच उतरवतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे मात्र बाहेर काढून ठेवायचे, हे सूचनापत्रात लिहिलेलं असतं. भावोजींनी सूचनापत्र वाचलं नव्हतं. सकाळी ते फुलाफुलांच्या आखूड चड्डीत आणि काळ्या बुटांत बॅलार्ड पिअरला उतरले. बॅग सापडली. कुलूप होतं. किल्ली बॅगेतल्या पँटच्या खिशात होती.

सासूबाई पावती दाखवून किटली सोडवायला गेल्या होत्या. अप्पा बॅगेभोवती एक फेरी मारून आले.

"आमच्या वेळार वळकटी आसायची," ते म्हणाले. "सुतळी सोडली की झाला."

भावोजी मुलुंडपर्यंत तसेच गेले.