एका पंगतीला किती?

माझा धंदा सांगितला की पाहुणे गप्प होतात. कंपन्या आपल्या माणसांना जे मोबाईल देतात, ते मी पुण्यात बसून सांभाळतो. कुठल्या फोनात कुठलं ॲप टाकायचं, कुणाचा कॅमेरा बंद ठेवायचा, फोन हरवला तर इथूनच कुलूप घालून आतलं सगळं कसं पुसायचं, वगैरे. भोरच्या आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लोकांचे फोन चाळतोस." तेव्हापासून मी खुलासा करणं सोडलं.

एका खासगी संस्थेची माणसं भोर आणि वेल्हे तालुक्यांत घरोघर फिरून पाहणी करणार होती. त्यांचे 240 फोन माझ्या गळ्यात आले. "गाव तुझं, तूच बघ." फोन निवडताना अंगणवाडीतल्या चुलत वहिनीला सहज विचारलं. तिचा पहिला प्रश्न, "रॅम किती?" ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी 2 जीबी रॅमचे, तापणारे सरकारी फोन परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हापासून आमच्या वहिनीला या विषयात कुणी शिकवायला जात नाही. रॅम वाढवली.

नवा अँड्रॉइड फोन आमच्या ताब्यात घ्यायचा तर स्वागताच्या पडद्यावर सहा टिचक्या मारायच्या, मग क्यूआर वाचायची सोय उघडते. 240 गुणिले सहा म्हणजे 1440 टिचक्या. त्या आठवड्यात मी समोरच्या माणसाच्या खांद्यावरसुद्धा सहा वेळा टिचकी मारून बोलायला सुरुवात करत होतो.

त्यात वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालेलं. निम्मे फोन 'वेल्हे' गटात, निम्मे 'राजगड' गटात आणि अकरा फोन दोन्हीकडे. वेल्ह्याचा नियम कॅमेरा चालू ठेवा, राजगडचा नियम बंद ठेवा. ते अकरा कॅमेरे दिवसभर उघडझाप करत होते. शिवाय जे फोन पुसून पुन्हा नोंदवले त्यांच्या जुन्या नोंदी तशाच राहिल्या. रेशनकार्डावर वारलेल्या आजोबांचं नाव राहतं ना, तसं. फोन 240, परवान्यांचं बिल 263 चं.

पण माझा खरा अभिमान म्हणजे क्षमतेचा आराखडा. प्रत्येक फोन दर चार तासांनी सर्व्हरच्या दारात येऊन विचारतो, "काही निरोप?" म्हणजे तासाला साठ, मिनिटाला एक. मिनिटाला एक फोन! बिचाऱ्या सर्व्हरला मधल्या वेळात डुलकी काढता येईल. मी सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त सर्व्हर घेतला आणि वाचवलेल्या पैशांचा तक्ता साहेबांना रंगीत करून दाखवला.

वास्तविक मी भाटघर धरणाच्या शेजारचा. 23.5 टीएमसीचं पाणी डोळ्यांसमोर बघत वाढलो. धरणाचा सांडवा सरासरी पावसावर काढत नाहीत, पुरावर काढतात, हे आमच्याकडे शाळेतलं पोर सांगेल. पण शिकलेल्या माणसाला नोकरीत हे आठवत नाही.

पूर आला तो भोरच्या एका मंगल कार्यालयात. प्रशिक्षणाला सगळे 240 जण फोन घेऊन हजर. तोरण्याच्या कुशीतल्या वाड्यांमधले फोन, ज्यांना घरी रेंजच नसायची, ते भोरात पोचताच आठवड्याचे तुंबलेले निरोप मागू लागले. साडेदहाला साहेब म्हणाले, "टाका ॲप." मी 'सर्वांना पाठवा' दाबलं.

ॲप 150 एमबीचं. गुणिले 240 म्हणजे 36 जीबी. कार्यालयाचं वायफाय 40 एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला पाच एमबी. भागाकार केला तर दोन तास. हा भागाकार मी दाबल्यानंतर केला. आणि दोन तास हा कागदावरचा हिशेब झाला. इथे प्रत्येक फोन अर्ध्यावर तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मागायचा. साडेबारापर्यंत सात फोनांत ॲप उतरलं होतं. तिकडे पुण्यात तो स्वस्त सर्व्हर कायमची डुलकी घेऊन मोकळा झाला.

तोंड लपवायला मी मागच्या बाजूला गेलो. तिथे आचारी इंद्रायणीचा भात टाकत होता. एवढ्या मोठ्या पातेल्यात एवढासाच भात बघून मी विचारलं, "माणसं 240 आहेत, माहितीये ना?"

"पानं दोनशे चाळीस," तो डावानं आमटी ढवळत म्हणाला. "पन येका पंगतीला साठ. भात चार येळा टाकायचा. सगळा येकदम शिजवला तर श्येवटच्याला गोळा जातो. तुमचं काय बिनसलंय आत?"

मी सांगितलं.

"समद्यास्नी येकदम वाढाय घेतलं व्हय? वाढपी किती?"

"एकच."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं कांदे चिरायला घेतले.

परत सगळ्यांना बोलावणं भाग होतं. मी त्याच संध्याकाळी फोनांवर निरोप सोडला, "उद्या सकाळी 10 वाजता त्याच कार्यालयात फोन घेऊन यावे." दुसऱ्या दिवशी पंगती बसवल्या. चाळीस-चाळीस फोनांच्या सहा पंगती, एकेक वीस मिनिटांची. आधीची पंगत उठल्याशिवाय पुढची नाही. एकूण वेळ लागला दोनच तास, म्हणजे हिशेबाप्रमाणे तोच. पण 239 फोनांत ॲप उतरलं. उरलेला एक फोन आलाच नाही. सर्व्हरही मोठा घेतला आणि रंगीत तक्ता गुपचूप काढून टाकला.

गुगलमार्फत जाणारा असा निरोप फोन बंद असला तर वाया जात नाही. तो चार आठवड्यांपर्यंत वाट बघत थांबतो. ही सोय मला फार आवडायची.

सव्विसाव्या दिवशी दुपारी फोन आला. वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या ताई. हापिसाची वस्तू, बिघडली तर भरून द्यावी लागेल, म्हणून त्यांनी फोन बंद करून ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवला होता. आदल्या दिवशी बाजाराला येताना बरोबर घेतला, चालू केला, आणि निरोप आला. उद्या सकाळी 10 वाजता.

मागे सनई वाजत होती.

"सायेब, मी आलीये कार्यालयात. दहालाच आले. हितं कुनाचं तरी लगीन हाय. त्यांनी बसवलं पंगतीला, जेवले. आता फोनचं काय करायचं?"