संचालक घरी आहेत का?

कंपनी काढायची ठरली की पोरगं नावाची काळजी करतं, बाप भांडवलाची करतो आणि सीए लाइट बिल मागतो. तिघांत शहाणा सीए. भांडवलाची किमान अट सरकारने २०१५ मध्येच काढून टाकली. नाव एक नाही मिळालं तर दुसरं मिळतं. लाइट बिल मात्र दोन महिन्यांच्या आतलंच लागतं. देशाची उद्योजकता अशी महावितरणच्या भरवशावर उभी आहे.

हे बिल लागतं नोंदणीकृत कार्यालयासाठी. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १२ म्हणतं, स्थापनेनंतर ३० दिवसांत कंपनीला एक पत्ता हवा, आणि तो पत्ता पत्रं स्वीकारायला व पोच द्यायला समर्थ हवा. पत्ता समर्थ हवा! संचालकाच्या सामर्थ्याविषयी कायदा इतका आग्रही नाही.

आता नवख्या संचालकाकडे असा समर्थ पत्ता कुठला असणार? घरचा. त्याची आई दुपारी घरी असते, ती पोच देते. म्हणून कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या टू बीएचकेत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ जन्माला येते. मग कंपनीच्या नावाची पाटी बाहेर लावायची, स्थानिक भाषेतसुद्धा. मग सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, ‘हे कमर्शियल आहे का?’ मग बिलहेडवर पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक (सीआयएन), फोन आणि ईमेल छापायचा. फॅक्स नंबरसुद्धा, असल्यास. जीएसटी घेतला असेल तर व्यवसायाचं मुख्य ठिकाण जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही शोधता येतं. आणि प्रमाणपत्राची पीडीएफ नीट उघडायच्या आत कर्जवाले, करंट अकाउंटवाले आणि ट्रेडमार्कवाले फोनवर हजर. ‘सर, नवीन कंपनीबद्दल अभिनंदन!’ सख्ख्या मामाला बातमी नंतर कळते.

इथवर तक्रार नाही. कंपनीचा पत्ता उघडाच हवा. मर्यादित जबाबदारी हे समाजाने दिलेलं मोठं दान आहे: धंदा बुडाला तर भागधारकाचं घर बुडत नाही. त्या बदल्यात उधार देणाऱ्याला कोणत्या दारावर थाप मारायची एवढं तरी कळलं पाहिजे. कळवण्याची सरकारी पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. २०१९ मध्ये ‘अॅक्टिव्ह’ नावाचा फॉर्म निघाला. कार्यालयाचा बाहेरून फोटो, आतून फोटो, आतल्या फोटोत किमान एक संचालक किंवा प्रमुख अधिकारी, आणि वर अक्षांश-रेखांश. उशीर झाला की दहा हजार रुपये. सोफ्यावरचा टॉवेल उचलून, देव्हारा फ्रेमच्या बाहेर ठेवून कित्येक हॉल त्या महिन्यांत कॉर्पोरेट झाले. २०२२ मध्ये आणखी एक नियम आला: संशय आला तर कंपनी निबंधक स्वतः पत्ता तपासायला येणार, परिसरातले दोन त्रयस्थ साक्षीदार घेऊन, गरज पडल्यास पोलिसांसह. खोट्या कंपन्यांसाठी ही तरतूद योग्यच. पण खऱ्या कंपनीच्या बिल्डिंगमधले दोन त्रयस्थ साक्षीदार म्हणजे समोरच्या जोशी काकू आणि वरचे पाटील. यांना त्रयस्थ म्हणायचं धाडस फक्त कायदाच करू जाणे.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीच्या पत्त्यावर भागत नाही, संचालकाचाही हवा. प्रत्येक कंपनीने संचालकांची नोंदवही ठेवायची. तिच्यात काय? नाव, पूर्वीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, लग्न झालं असल्यास जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, व्यवसाय, राहण्याचा पत्ता: सध्याचा आणि कायमचाही. लग्नाच्या बायोडेटात यापेक्षा फक्त रास आणि अपेक्षा जास्त असतात. ही वही कंपनीचा कुठलाही भागधारक उघडून पाहू शकतो, नक्कल मागू शकतो. शंभर रुपयांचे शेअर घेतलेला माणूसही भागधारकच.

भागधारक व्हायचीही गरज नाही. कंपनी स्थापन करताना संस्थापक मेमोरँडमवर सह्या करतात. त्या तक्त्यात नावापुढे पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो. तो दस्त निबंधकांकडे जातो आणि निबंधकांकडचे सार्वजनिक दस्त कुणीही पाहू शकतो. कलम ३९९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असंच म्हटलंय. फी शंभर रुपये. तेवढ्यात दोन प्लेट मिसळही येत नाही, घराचा पत्ता येतो. पुढे खासगी संकेतस्थळं हीच माहिती उचलून सजवून मांडतात. तुम्ही उद्या घर बदललंत तरी मेमोरँडम बदलत नाही. तुमच्या जुन्या घरात राहायला आलेल्या बिचाऱ्या कुटुंबालाही तुमच्या कंपनीचा इतिहास भोगावा लागतो.

‘लपवायचं काय आहे?’ असं विचारणारे शूर लोक सहसा सुरक्षारक्षक, इंटरकॉम आणि तीन कुत्री यांच्या पलीकडे राहतात. मोठ्या उद्योगपतीचा बंगला सगळ्या शहराला माहीत असतो, पण फाटकाच्या आत जाता येत नाही. लहान संचालकाचं फाटक म्हणजे सेफ्टी डोअर, आणि तेही दूधवाल्यासाठी उघडं. कामावरून काढलेला माणूस, ऑर्डर लांबल्याने खवळलेला ग्राहक, भागीदारी मोडलेला मित्र, एकटीने कंपनी चालवणाऱ्या बाईच्या मागे लागलेला कुणी विक्षिप्त. यांच्यापैकी एकालाही ताळेबंद वाचायचा नसतो. त्यांना घर हवं असतं.

हा धडा इंग्लंडला लाठ्या खाऊन मिळाला. हंटिंग्डन लाइफ सायन्सेस ही प्राण्यांवर चाचण्या करणारी प्रयोगशाळा. फेब्रुवारी २००१ मध्ये तिच्या व्यवस्थापकीय संचालकावर त्याच्याच घराबाहेर कुदळीच्या दांड्यांनी हल्ला झाला. हल्लेखोरांना घर कुणी दाखवलं हा प्रश्न सोडा. त्या काळी संचालकांचे घरचे पत्ते कंपनी दप्तरात उघडेच असत, दाखवायला कुणी लागतच नव्हतं. २००२ पासून गंभीर धोका असलेल्यांना पत्ता झाकायची परवानगी मिळू लागली. आधी धोका सिद्ध करा, मग संरक्षण मिळवा, असा तो मामला. मग सरकारच्या लक्षात आलं की पुरावा म्हणून डोक्याला टाके मागणं फारसं सभ्य नाही. १ ऑक्टोबर २००९ पासून साधी सोय झाली: प्रत्येक संचालकाने दोन पत्ते द्यायचे. एक पत्रव्यवहाराचा, तो जगजाहीर. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालयही चालतं. दुसरा घरचा, तो निबंधकांच्या कुलपात. सरकारी यंत्रणांना लागला तर मिळतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. जुन्या कागदांवरचा घरचा पत्ता झाकायला पूर्वीसारखी रडकथाही आता सांगावी लागत नाही, २०१८ पासून अर्ज आणि फी पुरतात. विलायतेत स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटी कामं करणाऱ्या मराठी आयटीवाल्यांना ही सोय चांगली ठाऊक आहे. इथे परत येऊन कंपनी काढली की त्यांना आईचं लाइट बिल आठवतं.

इंग्रजांच्या कायद्यात सोयीबरोबर छडीही आहे, आणि आपण शिकण्यासारखी तीच आहे. जाहीर केलेल्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं संचालक उचलतच नसेल, तर निबंधक नोटीस देऊन कुलूप उघडू शकतात आणि घरचा पत्ता जाहीर दप्तरात टाकू शकतात. म्हणजे गोपनीयता फुकट नाही. टपाल घेत राहाल तोवर घर झाकलेलं. लपायला गेलात की पडदा वर.

इंग्रज शहाणे म्हणून आरती ओवाळायचं कारण नाही. पत्ता विकत मिळू लागला की पत्त्याचा बाजार भरतो. लंडनच्या शेल्टन स्ट्रीटवरच्या एकाच पत्त्यावर हजारो कंपन्या नांदतात. केमन बेटांवरचं पाच मजली अग्लंड हाउस तर तीर्थक्षेत्रच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००८ मध्ये तिथे १८,८५७ कंपन्या व संस्था नोंदलेल्या मोजल्या. दाटीवाटीत राहायची सवय असलेल्या मुंबईकरानेही हात जोडावेत. शेवटी ब्रिटनने मार्च २०२४ पासून फर्मावलं की नोंदणीकृत कार्यालय ‘योग्य पत्त्यावर’च हवं, म्हणजे पाठवलेला कागद कंपनीच्या वतीने कुणाच्या तरी हातात पडला पाहिजे. पोस्ट बॉक्स चालणार नाही. ज्यांचा पत्ता खोटा निघेल त्यांचं काय? त्यांना निबंधकांच्या स्वतःच्या कार्डिफच्या ‘डिफॉल्ट’ पत्त्यावर नेऊन टाकतात, आणि तो पत्ता कित्येक वर्षं पोस्ट बॉक्सच होता. सरकारी विनोदाला देशाची सीमा नसते.

आता घरी या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. संचालकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, तेवढ्यात कलम ३ वाचलं. एखाद्या कायद्याने बंधनकारक म्हणून जी माहिती जाहीर केली जाते, तिला हा कायदा लागूच नाही. म्हणजे तुमचा पत्ता किराणावाल्याने ॲपमध्ये साठवला तर त्याने संमती घ्यायची. सरकारच्या सांगण्यावरून जगाला दाखवला तर संरक्षणाचा विषयच संपला. चोराने नेलं तर चोरी, कायद्याने नेलं तर पारदर्शकता.

यावर धनको मंडळींचा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. चेक वटला नाही की कलम १३८ लागतं, कंपनीचा कारभार सांभाळणारे संचालकही त्यात येतात. नोटीस कुठे पाठवायची? ऑफिसला कुलूप, फोन बंद, संचालक गावी. अशा वेळी घरचा पत्ता हाच आधार. मान्य. म्हणून तर घरचा पत्ता निबंधकांकडे हवा, बँकेकडे हवा, न्यायालयाने मागितला की मिळायला हवा. पण न्यायालयाला मिळणं आणि शंभर रुपयांत कुणालाही मिळणं यात फरक आहे, आणि तोच आपल्या कायद्याने पुसून टाकलाय.

उघडेपणाने चोर सापडतात म्हणावं, तर तसंही दिसत नाही. २०१७ मध्ये केंद्राने दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्यांची नावं दप्तरातून खोडली. त्या सगळ्यांनी पत्ते दिलेच होते. लाइट बिलंही जोडली असणार, दोन महिन्यांच्या आतली. ज्याला गायब व्हायचं असतं तो ड्रायव्हरला संचालक करतो आणि चाळीतला पत्ता लावतो. सगळ्या तपासण्यांना सापडतो तो प्रामाणिक माणूस. कारण तो घरीच असतो.

कायदा बदलेपर्यंत काय करावं? कार्यालयाचा पत्ता घराखेरीज दुसरा घ्या. परवडत नसेल तर सीएच्या, भावाच्या, मित्राच्या ऑफिसचा घ्या, पण एनओसी आणि पाटीसह खराखुरा. व्हर्च्युअल ऑफिस घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: रजिस्टर पोस्ट आलं तर सही कोण करणार, आणि मला फोन कधी करणार? चहाची मशीन आणि मीटिंग रूमचे फोटो नंतर बघा. कंपनीसाठी वेगळा फोन, वेगळा ईमेल ठेवा. आजीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा नंबर बिलहेडवर छापू नका. आणि हे सगळं नोंदणीच्या आधी करा. शहरातल्या शहरात पत्ता हलवणं सोपं, शहराबाहेर नेलात तर भागधारकांचा विशेष ठराव, राज्याबाहेर नेलात तर केंद्राची मंजुरी. पुण्याहून पणजीला माणूस एका रात्रीत जातो, कंपनीला फाइल घेऊन जावं लागतं.

सरकारकडे मागणं मात्र फार मोठं नाही, आणि त्याचा नमुना सरकारच्याच घरात आहे. मुंबईचे कंपनी निबंधक वर्षानुवर्षं मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीत बसत आलेत. पत्र लिहायचं तर तिथे लिहा, ते घेतात, शिक्का मारतात, पोच देतात. साहेब कुठल्या क्वार्टरमध्ये राहतात, त्यांच्या आईचं नाव काय, कायमचा पत्ता कोणत्या गावचा, हे कुणी विचारत नाही आणि शंभर रुपये भरूनही कळत नाही. ही व्यवस्था उत्तम आहे. ती संचालकांनाही लावा.