लायक्राकाकू

प्रौढांच्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात एक तरी लायक्राकाकू असतेच. आमच्या पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गातल्या काकू बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेल्या. त्यांचं वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, हे खुद्द काकांनाही विचारायची सोय नाही. व्यायामाला येताना सोबत एक फुगलेली कापडी पिशवी. तिच्यात लेगिंग्ज, टॉप, शॉर्ट्स आणि उधारीची वही.

नवा माणूस आला की काकू त्याच्या चेहऱ्याआधी खिशाकडे बघतात. पैशासाठी नव्हे, चेनसाठी. "कोलांटउडी मारणार ना? मग ही चेन मांडीत कुठे रुतेल ते मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा." तो गृहस्थ हसतो, गादीवर जातो, कोलांटउडी मारतो. आधी किल्ल्या पडतात, मग सुटे पैसे, शेवटी तो स्वतः. काकू किल्ल्या उचलून देतात आणि त्याच हाताने साईज विचारतात.

बायकांची गोष्ट वेगळी. त्यांना सैल टी-शर्ट हवा असतो, पोट झाकायला. काकू शांतपणे सांगतात, "अहो, सैल टी-शर्ट उभ्या माणसाचं पोट झाकतो आणि उलट्या माणसाचं तोंड. हँडस्टँडला तुम्हाला काही दिसणार नाही आणि आम्हाला सगळं दिसेल." एवढं ऐकल्यावर समोरची टी-शर्ट खोचते तरी, नाहीतर काकूंचा पत्ता तरी विचारते. मंगळसूत्र मात्र काकू स्वतः काढायला लावतात, कारण उलट्या कोलांटउडीत ते थेट दातांत येतं. "घरी गेल्यावर घाला. नवरा तोपर्यंत पळून जात नाही."

विक्री रविवारी, काकूंच्या हॉलमध्ये. सोफा भिंतीला, सतरंजी मध्ये, काका गॅलरीत. काका तिथे वर्तमानपत्र वाचतात, आणि ते संपलं की त्यातल्या छोट्या जाहिराती. आत काकूंची परीक्षा चालू असते. लेगिंग हातावर चढवायची, ताणायची आणि खिडकीच्या उजेडात धरायची. बोटातली अंगठी दिसली की माल नापास. मग गिऱ्हाइकाची पाळी. "बैठक मारा. अजून खाली. आता वाका. आरशात पाठ बघा. वर येताना कमरेत धरून ओढावं लागलं का? लागलं ना? मग हे तुमचं नाही." दुकानात ट्रायल रूममध्ये माणूस ताठ उभा राहून स्वतःला बघतो आणि खूश होतो. काकूंच्या मते ताठ उभं राहायला कुठलाही कपडा चालतो, धोतरसुद्धा.

कापडावर त्या एकदा बोलायला लागल्या की बँकेत व्याजदर समजावत असतील तशाच बोलतात. तिरुपूरहून येणारं सुती होजियरी कापड त्यांना आवडतं, पण घरात घालायला. सुती कापड घाम पितं आणि पिऊन तसंच बसून राहतं. वर्ग संपेपर्यंत ते ओलं, जड आणि गुडघ्याशी पोक आलेलं. नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये वीसेक टक्के लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, असला की आडवं ओढा, उभं ओढा, कापड जागेवर परत येतं. हा धागा 1958 साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने काढला. त्यांचा फोटो मिळाला तर काकू दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतील. फक्त कपडा गरम पाण्यात टाकायचा नाही, इस्त्रीवाल्याकडे द्यायचा नाही. "उष्णतेने धागा मरतो. मग लेगिंगचा पायजमा होतो आणि बोलणी मला बसतात."

रंगाच्या बाबतीत त्या हताश आहेत. सगळ्यांना काळाच हवा, कारण काळ्यात माणूस बारीक दिसतो. पण बारला लटकण्याआधी हाताला ती पांढरी पावडर लावतात, आणि मग जो तो कमरेच्या मागे हात पुसतो. वर्गाच्या शेवटी सगळ्यांच्या मागे पंजे उमटलेले. राखाडी सुचवावा तर घामाचा नकाशा दिसतो. काकू गडद निळ्यावर बारीक नक्षी सुचवतात. लोक ऐकून घेतात आणि काळा नेतात.

वयाची लाज वाटणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे ओक्साना चुसोवितिना आहे. उझबेकिस्तानची ही बाई 46व्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टवरून उडाली. अंग उघडं पडण्याची लाज वाटणाऱ्यांसाठी जर्मनीचा संघ आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्या मुली घोट्यापर्यंत झाकलेला पोशाख घालून उतरल्या होत्या. "ऑलिम्पिकवाल्यांना चालतं, आणि तुमच्या सासूबाईंना चालणार नाही?" सासूबाईंचा विषय निघाला की विक्री पक्की.

मोजे मात्र त्या विकत नाहीत. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मागायला लोक येतात, काकू त्यांना परत पाठवतात. "अनवाणी करा. बोटांनी गादी धरायला शिका." या बाबतीत त्या इतक्या प्रामाणिक का, हे मला कळलेलं नाही. बहुधा नफा कमी असावा.

त्यांचा खरा शत्रू मल्लखांब. वर्गातला एखादा जण जिम्नॅस्टिक्स सोडून तिकडे गेला की काकूंचा चेहरा पडतो. लाकडाला एरंडेल चोपडायचं आणि लंगोट बांधून उघड्या अंगाने चढायचं. पकड कातडीची, कापड मध्ये आलं की माणूस सरकत खाली. "दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, फार मोठं काम केलं," काकू म्हणतात, "पण आमच्या धंद्याचा काडीचा विचार केला नाही." लंगोट ठेवून पाहिले का, असं मी विचारलं. "त्यात साईजच नसते हो. काय विकणार?"

वर्ग निम्म्याहून जास्त लोक सोडतात. पाठ, गुडघा, पावसाळा, मुलाची दहावी. कपडे मात्र कुणी सोडत नाही. परवा मंडईत एक बाई दोडके निवडायला पूर्ण बैठक मारून बसल्या होत्या. काकूंनी माझा दंड धरून मला थांबवलं, बाईंना पुढून, मागून, उजेडाच्या बाजूने नीट पाहिलं आणि पुढे होऊन म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून नेली होतीत ना? बघा, अजून आरपार दिसत नाही. बहिणीला पाठवा."