कादंबरी चित्रपटाबरहुकूम करून मिळणेबाबत

प्रति,
प्रा. जे. आर. आर. टॉल्किन,
ऑक्सफर्ड (हल्ली मुक्काम स्वर्ग)

विषय : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील उणिवा
संदर्भ : पीटर जॅक्सन यांचे त्याच नावाचे तीन चित्रपट (२००१, २००२, २००३)

महोदय,

सा. न. वि. वि.

आम्ही आपल्या कथेचे जुने भक्त. म्हणजे चित्रपटांचे. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. इतकी भक्ती आहे तर मूळ पुस्तकही वाच, असे एका मित्राने सुचवले. त्या मित्राशी आमचे सध्या बोलणे नाही.

पहिली तक्रार वेगाची. सिनेमात बिल्बोचा वाढदिवस होतो, अंगठी फ्रोडोकडे येते आणि बघता बघता काळे स्वार मागे लागतात. आपल्या पुस्तकात वाढदिवस आणि फ्रोडोचे प्रस्थान यांच्यामध्ये १७ वर्षे जातात. जगबुडी दाराशी आलेली असताना हे गृहस्थ रानोमाळ फिरतात, गेलेल्या बिल्बोचे वाढदिवस साजरे करतात आणि पन्नाशी गाठतात. त्याआधी प्रस्तावनेत हॉबिटांच्या तंबाखूवर स्वतंत्र टिपण आहे, ते वेगळेच.

निघाले एकदाचे, तर वाटेत टॉम बॉम्बाडिल. निळा कोट, पिवळे बूट, तोंडात अखंड गाणे. ज्या अंगठीपुढे भल्याभल्यांची गाळण उडते ती हा सहज बोटात घालतो आणि त्याला काही म्हणता काही होत नाही. अहो, खलनायकाच्या अस्त्राची लेखकानेच अशी चेष्टा केली तर आम्ही घाबरायचे कशाला? जॅक्सनसाहेबांनी हा इसम मुळासकट कापला. कोणाचेही काही अडले नाही.

मग रिव्हेंडेलची बैठक. सिनेमात गिम्ली अंगठीवर कुऱ्हाड हाणतो, कुऱ्हाडीच्याच ठिकऱ्या उडतात, बाचाबाची होते आणि निर्णय लागतो. आपल्याकडे मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे जो तो उठतो आणि सुरुवातीपासूनचा इतिहास सांगतो. अखेर जेवणाची वेळ झाल्याची आठवण बिल्बोच करून देतो. त्या अख्ख्या प्रकरणात आम्हाला मनापासून पटलेले ते एकच भाषण.

आर्वेनचे काय केलेत? पडद्यावर ती जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदी गाठते आणि तलवार उपसून स्वारांना आव्हान देते. पुस्तकात तिच्या जागी ग्लॉर्फिंडेल नावाचे कोणी सद्गृहस्थ येतात. आर्वेन मेजवानीत दिसते, तीही बसलेली. तिची आणि ॲरागॉर्नची प्रेमकथा वाचायची तर थेट शेवटी, परिशिष्टात जावे लागते. प्रेमकथा परिशिष्टात, आणि तंबाखू प्रस्तावनेत!

बोरोमिरच्या मरणाला आम्ही रुमाल घेऊन तयार होतो. सिनेमात बाणामागून बाण लागतो तरी तो पुन्हा उठतो, आणि आम्ही प्रत्येक बाणाला रडतो. आपण मात्र त्या वेळी आम्हाला ॲरागॉर्नबरोबर टेकडीवर धाडता. खालून शिंगाचा आवाज येतो. आम्ही धावत उतरतो तोवर लढाई आटोपलेली, तो झाडाला टेकलेला, शिंग दुभंगलेले. आम्हाला रडायचे होते; आपण उशिरा पोहोचल्याची चुटपूट तेवढी पदरात टाकलीत.

गँडाल्फच्या भुवया टोपीच्या काठाबाहेर येतात असे आपण लिहिता. चालणार नाही. इयन मॅकेलन यांच्या भुवया टोपीच्या आत मावतात, आणि गँडाल्फ कसा दिसतो ते आता ठरून गेले आहे.

एवढे सगळे पोटात घातले असते. पण शेवट? सिनेमात चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा शायर जसेच्या तसे असते: तीच हिरवळ, तीच खानावळ, तेच बिअरचे पेले. इतकी युद्धे पाहिल्यावर एवढा हक्क आमचा बनतोच. आपण मात्र अंगठी नष्ट झाल्यावरही एक अख्खे प्रकरण खर्चून त्यांना उद्ध्वस्त गावात नेऊन उभे करता. झाडे तोडलेली, ज्याच्या छायेत बिल्बोची मेजवानी झाली तेही पडलेले. जुनी गिरणी पाडून मोठी बांधलेली आणि तिने ओढा घाण केलेला. जागोजाग नियमांच्या पाट्या. मग घरच्याच अंगणात लढाई, आणि त्यात मेलेले १९ हॉबिट मोजून सांगता. आपण १९१६ साली सॉमच्या लढाईत होतात, जिवाभावाचे मित्र गमावून परतलात, हे आम्ही जाणतो. पण त्याची शिक्षा वाचकाला का?

त्यातही खटकते ते असे, की याची सुरुवात बाहेरच्या कोणा राक्षसाने केलेली नाही. सारुमान मागाहून येतो. आधी फ्रोडोचाच भाऊबंद लोथो जमिनी घेत सुटतो, गावचा माल बाहेर पाठवतो आणि धटिंगण आणून बसवतो. गावातलेच हॉबिट शिपाई होऊन त्याचे नियम बजावतात. गिरणीवाला तर खूश असतो. झाडे पाडून पाट्या लावणारे आणि त्यांना सलाम ठोकणारे शेजारी बघायला आम्हाला पुस्तक कशाला हवे? खिडकी उघडली की झाले.

सबब विनंती, की टॉमला काढावे, आर्वेनला परिशिष्टातून वर आणावे आणि शायरचे ते प्रकरण समूळ गाळावे. दुष्ट म्हणून आम्हाला सिनेमातला मनोऱ्यावरचा आगीचा डोळाच बरा. तो लांबून ओळखू येतो, आणि मुख्य म्हणजे आमच्या गल्लीत राहत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक प्रेक्षक