जरा टेकतो

लोणखेड्यात कुणी “स्टँडवर चाललो” म्हणाला की तो शहाद्याला एस.टी. पकडायला निघाला, एवढंच आम्ही समजतो. स्टँड म्हणजे उभं राहायची जागा, हेही लहानपणापासून पक्कं ठाऊक. तिथं बाकं असतात, पण त्यांवर पिशव्या बसलेल्या असतात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मुंबईच्या भाच्यानं वानखेडेवरच्या मॅचचं तिकीट हातात ठेवलं आणि त्यावर ‘नॉर्थ स्टँड’ असं वाचलं, तेव्हा मी गुडघ्याला पट्टा बांधूनच निघालो. आत जाऊन पाहतो तर खुर्ची! नंबर टाकलेली, माझ्या एकट्याच्या हक्काची. खिडकीतून रुमाल न टाकता जागा मिळण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

त्या खुर्चीवर मी एकंदर दहा-पंधरा मिनिटं बसलो असेन. पहिल्या चौकाराला पुढची रांग उठली ती खाली बसेचना. पुढचे उभे म्हणून आम्ही उभे, आम्ही उभे म्हणून मागचे. थोड्या वेळात अख्खा स्टँड उभा होता आणि प्रत्येकाला दिसत होतं तेवढंच, जेवढं मघाशी बसून दिसत होतं. वाढलं ते फक्त पाय दुखणं. खाली वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीवर माझी पिशवी बसलेली. म्हटलं, शेवटी स्टँड तो स्टँडच.

परतताना भाच्यानं सांगितलं की हे स्टेडियम मुळात बसण्याच्या भांडणातून उभं राहिलंय. ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ पासून होतं, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला आपल्या माणसांसाठी तिथं हव्या तेवढ्या जागा मिळेनात, तिकिटांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसत गेलं, आणि शेवटी शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच उभं केलं. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजशी तिथली पहिली कसोटी झालीसुद्धा. मला काही नवल वाटलं नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडून सामाईक विहिरीशेजारी दुसरी विहीर खोदणारे भाऊबंद आमच्याकडेही आहेत.

आमच्या मैदानाला मात्र तिकीट नाही, त्यामुळे नंबरही नाही. हिवाळ्यात कबड्डीचे रात्रीचे सामने लागले की जो तो आपली जागा आपणच बांधतो. अगदी पुढे, चुन्याच्या रेषेला गुडघे लागतील एवढ्या जवळ, पोरं मांडी घालून. त्यांच्यामागे जाणते लोक उकिडवे. मग उभे. उभ्यांच्या मागे पपईची रिकामी कॅरेटं पालथी घालून त्यांवर उभे. मग मोटरसायकलच्या सीटवर, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रॉलीच्या फाळक्यावर, आणि सगळ्यांच्या वर निंबाच्या झाडावर. कुणी आखून दिलेलं नाही, पण दरवर्षी तेच. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराज विलायतेच्या दौऱ्यात रोमचं जुनं रिंगण पाहून आले आणि १९१२ मध्ये त्यांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं. मध्ये खोलगट आखाडा, भोवती चढत गेलेला मातीचा उतार. पैलवानही मातीत आणि प्रेक्षकही मातीत. पुढच्याच्या डोक्याचा अडथळा नाही, म्हणून उठायचं कारण नाही. आमच्याकडे महाराज नव्हते, म्हणून आम्ही कॅरेटांवर भागवलं.

ही सगळी रचना एका माणसामुळे कोसळू शकते. तो मधल्या पट्ट्यात असतो. त्याच्या गावचा गडी चढाईला गेला की त्याला राहवत नाही, तो उठतो. लगेच मागून ओरडा, “खाले बठ ना भो!” तो मान न वळवता म्हणतो, दिसत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर, “तुले दिसत नही, मंग आमले काय दिसी?” आणि पाठोपाठ शेंगांच्या टरफलांचा वर्षाव. टिळकांच्या गोष्टीतल्या मास्तरांना आमचं मैदान दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं तर ते नोकरी सोडतील. पण टरफलांचा उपाय लागू पडतो. माणूस बसतो. पूर्ण नाही, उकिडवा बसतो, म्हणजे पुन्हा उठायला सोपं.

या उकिडव्या बसण्याबद्दल माझं मत फार चांगलं आहे. खुर्चीतला माणूस उठतो तेव्हा हात टेकतो, कुरकुरतो, खुर्ची मागे सरकवतो. त्या खटाटोपात तीस सेकंदांची चढाई आटोपते. उकिडवा माणूस नुसता पाय सरळ करतो. आमच्या मातीतल्या खेळांनी तर बसणं-उठणं नियमातच घालून ठेवलंय. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन ओळीत बसतो, आणि आपल्या संघानं समोरचा मारला की ज्या क्रमानं बसला त्याच क्रमानं उठून आत येतो. सगळेच बसले तर लोण, समोरच्यांना दोन गुण जादा. (आमच्यावर लोण चढला की पाहुणा संघ आमच्या गावाच्या नावाची आठवण न चुकता करून देतो.) खो-खोत नऊपैकी आठ जण बसलेलेच, आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय उठला तर फाउल. हा नियम वानखेडेवर लावला असता तर माझ्या पिशवीला जमिनीवर बसावं लागलं असतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच दोन कर्णधारांनी भारताला पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक मिळवून दिले. तो मी घरी आडवा पडून पाहिला. त्या अवस्थेत मागून कुणी ओरडत नाही.

बसायचं की उभं राहायचं, हा तंटा आमच्याकडे टरफलांवर मिटतो. इंग्लंडात त्यासाठी नियम करावे लागले, आणि त्यामागे हसण्यासारखं काही नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात, उभ्या प्रेक्षकांसाठीच्या जाळीबंद कप्प्यांत गर्दी आत येत राहिली आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. त्या चेंगराचेंगरीनं ९७ जीव घेतले. कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. तो त्यांचा नव्हता, हे २०१६ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्यूरीनं सांगितलं. दरम्यान टेलर अहवालानंतर तिथल्या मोठ्या फुटबॉल मैदानांत सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या होत्या. लोक खुर्च्या विकत घेत आणि खुर्चीसमोर उभे राहत, अगदी वानखेडेसारखे. शेवटी २०२२ पासून काही भागांत उभं राहायला परवानगी मिळाली, मात्र रांगेरांगेत कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा हवा. जर्मनीत डॉर्टमुंडला तर दक्षिणेकडच्या एकाच उतारावर सुमारे २५ हजार लोक उभे असतात. तिथंही मध्ये मध्ये असे कठडे आहेत. म्हणजे साहेबानं इतक्या वर्षांनी लोकांना टेकायला दिलं.

आपल्याकडे हा शब्द आधीपासून आहे. “बसत नाही, जरा टेकतो” म्हणणारा माणूस बसलेला नसतो आणि उभाही नसतो. त्याला चहा द्यावा लागतो, जेवायचा आग्रह करावा लागत नाही. ओट्याची कड, बांध, सायकलचा दांडा, कशालाही टेकता येतं. मी हे सगळं जाणून होतो, तरी गेल्या हिवाळ्यात चूक केलीच.

झालं असं, की नोकरीतून निवृत्त झाल्यावर आणि केस पुरेसे पांढरे झाल्यावर माणसाला पाहुणा म्हणून बोलावतात. एका स्पर्धेच्या उद्घाटनाला मला सोफा मिळाला. मंगल कार्यालयातून आणलेला, लाल मखमलीचा, वर नवरा-नवरीच्या वेळची थोडी चमकी. आयुष्यभर कॅरेटावर उभा राहिलेला मी, मोठ्या समाधानानं त्यात बसलो आणि बसतच गेलो. स्प्रिंगा कुठल्या तरी लग्नातच कामी आल्या असाव्यात. गुडघे हनुवटीच्या पातळीला आले. समोर टीपॉय, त्यावर गुच्छ आणि पाण्याच्या बाटल्या, त्यापुढे मैदानाकडे पाठ करून आमचा फोटो काढणारा, त्याच्यापुढे माइकवाला, आणि त्याच्यापुढे कुठं तरी कबड्डी. मी तो सामना कानांनी पाहिला. ट्रॉलीकडून आरडाओरडा आला की आमचा गुण, निंबावरून शिट्ट्या आल्या की समोरच्यांचा.

तशात एका पकडीला असा गलका झाला की माझ्यानं राहवेना. सोफ्याच्या दोन्ही हातांवर जोर देऊन मी उभा राहिलो. तेवढ्यात दोन कार्यकर्ते धावत आले, “आप्पा, निघालात?” मी काही म्हणायच्या आत खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, माइकवरून माझ्या अमूल्य वेळेबद्दल आभारही मानले गेले. आता परत बसलो असतो तर नारळ परत करावा लागला असता. मी निघालो.

निघालो तो मंडपाला वळसा घालून मागे ट्रॉल्यांकडे. तिथं उसाची पाचट अंगावर घेऊन आलेला एक ट्रॅक्टर उभा होता, मडगार्डवर एक पोरगा. शाल-नारळ पाहून तो हसला, सरकला आणि म्हणाला, “या आप्पा, टेका.” मी नारळ स्टिअरिंगशेजारी ठेवला, एक पाय खाली, अर्धं अंग मडगार्डवर. पत्रा गार पडला होता. पण अख्खं मैदान दिसत होतं. चुन्याच्या रेषा, बाहेर ओळीत बसलेले चार गडी, आणि आत उरलेले तिघे हाताला हात धरून.

शेवटचं एक मिनिट राहिलं होतं. समोरचा चढाईवाला आत आला, कोपऱ्याकडे झेपावला, आणि आमच्या पोरानं त्याचा घोटा धरला. पुढं काय झालं ते मी नीट सांगू शकतो, कारण मी तेव्हा दोन्ही पायांवर ताठ उभा होतो. मानेवर काही तरी हलकं पडलं. शेंगेचं टरफल.

“खाले बठ ना भो!”

अंधारात त्याला शाल दिसली नसणार. मी बसलो.